आखूड नळीचं एके पिस्तूल: घेण्याआधी काय पाहायचं, घेतल्यावर काय तपासायचं

पिस्तूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फौजदाराच्या कमरेचा पट्टा येतो. अमेरिकेतल्या दुकानात एके-४७ च्या घराण्यातलं ‘एके पिस्तूल’ मागितलं, तर काउंटरवर येते ती तीन किलोच्या आसपासची, अर्ध्या मीटर लांबीची, वाकडं मॅगझिन लावलेली आखूड रायफल. तिला खांद्याला टेकवायचा दस्ता तेवढा नसतो, आणि दस्ता नाही म्हणूनच ती कागदोपत्री पिस्तूल ठरते. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार खांद्याला लावायच्या रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल तर तिची वेगळी नोंदणी लागते. नळी आखूड ठेवून दस्ताच काढला की ती रायफल उरत नाही. या पळवाटेतून हा अख्खा प्रकार जन्माला आला.

मूळ कल्पना सोव्हिएत. १९७९ मध्ये सैन्यात आलेली एकेएस-७४यू ही रणगाड्यांच्या आणि वाहनांच्या चालकांसाठी केलेली छोटी एके. तिच्यावरून युगोस्लाव्हियातल्या क्रागुयेवात्सच्या झास्तावा कारखान्याने एम-८५ (५.५६ मिमी) आणि एम-९२ (७.६२×३९ मिमी) काढल्या. अमेरिकेत त्याच ‘झेडपॅप ८५’ आणि ‘झेडपॅप ९२’ या नावांनी, एकेक गोळी सुटणाऱ्या पिस्तुलाच्या रूपात येतात. दुसरं घराणं रुमानियातल्या कुजिर कारखान्याचं, ड्राको. साध्या ड्राकोची नळी १२.२५ इंच, मिनीची ७.७५ आणि मायक्रोची ६.२५ इंच.

मी टेक्सासात राहतो आणि माझं झेडपॅप ९२ आहे. ते घेताना मी दुकानात वीस मिनिटं घालवली आणि पुढचे चार महिने त्याचे परिणाम भोगले. खालचा क्रम त्या चार महिन्यांतून आलेला आहे.

आधी स्वतःचे कागद

बंदुकीआधी व्हिसा तपासा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने बंदूक घेऊन अर्धा तास चालवणं हेसुद्धा ‘बाळगणं’च धरलं जातं. ऑफिसातली पोरं शनिवारी मजेत रेंजवर जातात, फोटो टाकतात. त्यातल्या निम्म्यांना हे ठाऊक नसतं. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, दुकानदाराला नाही.

याच ओळीतली दुसरी गोष्ट. ‘तुझ्या नावावर घे ना, पैसे मी देतो’ असं म्हणणारा मित्र प्रत्येकाला असतो. बंदूक घेताना दुकानात भरायच्या फॉर्म ४४७३ वरचा पहिलाच महत्त्वाचा प्रश्न खरा खरेदीदार तुम्हीच का, हा आहे. तिथे खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा आहे. आपल्याकडे भावाच्या नावावर मोटरसायकल घेतात, तसं हे नाही.

मग राज्य. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, मेरीलँड, इलिनॉय, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत एके-जातीच्या हत्यारांवर कडक बंदी किंवा जवळजवळ बंदी आहे. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसन आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमधल्या मंडळींनी पुढचं फक्त माहितीसाठी वाचावं. दुसऱ्या राज्यात नोकरी बदलून जाणार असाल तरी हे आधी पाहा, कारण हत्यार घेऊन त्या राज्याची हद्द ओलांडलीत की तिथला कायदा तुम्हाला लागतो. लायसन्सधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ लागतं, रायफलीसारखं १८ चालत नाही.

आता मागच्या टोकाला काय लावायचं, याचं रामायण. २०१२ च्या सुमारास अपंग माजी सैनिकाला एका हाताने गोळी झाडता यावी म्हणून मनगटाला बांधायचा ‘ब्रेस’ निघाला. लोकांनी तो खांद्याला लावायला सुरुवात केली. जानेवारी २०२३ मध्ये एटीएफने, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या संघीय खात्याने, नियम काढून बहुतेक ब्रेसवाल्या पिस्तुलांना आखूड रायफल ठरवलं, आणि जून २०२४ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. खरा दस्ता लावायचा असेल तर एटीएफचा फॉर्म १ भरून मंजुरी आल्यावरच लावायचा. त्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे. नोंदणी मात्र तशीच आहे, आणि काही राज्यांना आखूड रायफल मंजूरच नाही. पुढे उभी मूठ लावायचा मोह होतो. पिस्तुलाला उभी मूठ लावली की ते कायद्याच्या तिसऱ्याच कप्प्यात जातं आणि मंजुरीशिवाय तो गुन्हा ठरतो. हात पुढे सरकू नये म्हणून बसवायचा छोटा अडथळा, म्हणजे हँड-स्टॉप, चालतो. तो मी लावतो, आणि कारण पुढे येईलच.

गोळी कुठली

नळी आखूड झाली की बारुद पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडते. वेग घटतो आणि उरलेला जाळ तोंडाशी फुटतो. सगळ्या गोळ्यांना हा फटका सारखा बसत नाही. ५.४५ ची गोळी लांब एके-७४ मधून सेकंदाला ९०० मीटरने निघते, आखूड एकेएस-७४यू मधून ७३५ ने. ५.५६ चंही दुखणं तेच, तिची सगळी करामत वेगावर उभी आहे. ७.६२×३९ ची गोळी जड आणि मुळातच संथ. आठ ग्रॅमची ती गोळी साध्या एकेतून ७१५ च्या आसपास निघते आणि दहा इंची नळीतूनही सहाशेच्या वर राहते. म्हणून आखूड नळीत मला ७.६२ च पटते. ५.५६ घ्यायचं एकच कारण मला दिसतं: घरात आधीच एआर जातीची अमेरिकन रायफल आहे आणि एकाच जातीची काडतुसं ठेवायची आहेत.

नळीची लांबी १० ते १२ इंच ठेवा. सहा इंची मायक्रो म्हणजे दिवाळीतला ॲटमबॉम्ब. एकदा वाजवायला गंमत वाटते, पण पुढचा हात तोंडाच्या इतक्या जवळ येतो की मी ती दुसऱ्याच्या हातातही पाहू शकत नाही.

काउंटरवरची तपासणी

हातात घेतल्यावर पहिलं काम: मॅगझिन काढा, मग बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, डोळ्याने पाहा आणि करंगळीने चाचपा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी बोल्ट ओढून मग मॅगझिन काढलं, तर बोल्टने वरची गोळी आत नेलेली असते आणि तुम्ही ‘रिकामी’ म्हणत भरलेली बंदूक हातात धरता. एकेचा बोल्ट मॅगझिन संपल्यावर आपोआप मागे अडकत नाही, त्यामुळे दुसऱ्या बंदुकांवर हात बसलेला माणूस इथे फसतो.

मग बंदूक डोळ्यांच्या रेषेत धरून मागून पाहा. नेम धरायची पुढची माशी आणि नळीवरचा गॅस ब्लॉक सरळ उभे आहेत का? एका बाजूला कलले असतील तर ते पुढे आयुष्यभर कललेलेच राहणार. अगदी किंचित कल एके घराण्यात चालून जातो, पण माशी डावी-उजवीकडे सरकवायची जागा त्यातच संपली तर नेम लागणारच नाही. माझ्या दुकानदाराने ‘ती तशीच असते’ म्हणून सांगितलं आणि मी मान डोलावली. ती तशी नसते. पहिल्या दिवशी सगळ्या गोळ्या उजवीकडे, माशी टोकाला टेकली तरी उजवीकडेच. बंदूक परत पाठवून दुरुस्त करून आणण्यात सहा आठवडे गेले.

रिव्हेट नीट पाहा. पुढे नळी धरून ठेवणारा ट्रनियन ज्या रिव्हेटांनी बंदुकीच्या धडाच्या पत्र्याला जोडलेला असतो, त्यांची डोकी सपाट बसलेली हवीत. भोवती भेग नको, खाली नखाएवढीही फट नको. झास्तावाचा पत्रा दीड मिलिमीटरचा आहे, नेहमीच्या एकेचा एक मिलिमीटरचा. तो जड आहे, पण टिकाऊ. त्याची दुसरी बाजू अशी की नेहमीच्या एकेचं लाकूडसामान त्यावर बसेलच असं नाही, म्हणून सुटे भाग घेताना युगोस्लाव्ह जातीचेच मागा. ट्रनियन आणि बोल्ट घडीव आहेत की ओतीव, हे जरूर विचारा. ओतीव भागांच्या काही स्वस्त एके काही हजार गोळ्यांतच झिजल्या आणि चेंबरमधली मोकळीक वाढून धोकादायक झाल्या. ती मोकळीक मोजायला गेज मिळतात. गो गेजवर बोल्ट पूर्ण बंद व्हायला हवा, नो-गोवर होऊ नये. फील्ड गेजवर बंद होत असेल तर ती बंदूक चालवायचीच नाही. नवी घेतलीत तर एकदा आणि पाचशे गोळ्यांनंतर पुन्हा, जाणत्या गनस्मिथकडून मोजून घ्या.

वरचं झाकण उघडा. एम-९२ चं झाकण बिजागरीवर वर उघडतं, ड्राकोचं सुटं निघतं. गॅसचा दट्ट्या बोटाने हलवला तर किंचित डुगडुगतो. तो दोष नाही, तो तसाच ठेवलेला असतो. नळीत उजेड टाकून आटे पाहा, तोंडाची कड ठेचलेली नको. झास्तावाच्या जुन्या आयात मालात नळीला आतून क्रोम नव्हतं, नव्या झेडपॅपमध्ये आहे. जुना माल हातात आला तर हा फरक किमतीत दिसायला हवा.

मॅगझिन बसवताना पुढचं टोक आधी अडकवायचं, मग मागे ओढायचं. बसल्यावर डावी-उजवीकडे थोडं हलतं, तेवढं चालतं. पण पुढे-मागे डोलत असेल, किंवा बसवताना प्रत्येक वेळी ठोसा मारावा लागत असेल, तर दुसरी बंदूक मागा. दुकानात एकाच मॅगझिनवर भागवू नका, दोन वेगळ्या बनावटीची लावून पाहा.

रेंजवरचे पहिले तीनशे

काडतुसं आधी चुंबकाला लावून पाहा. स्वस्त पोलादी पुंगळीच्या काडतुसांची गोळीही बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते, आणि बंदिस्त रेंजवाले ती चालू देत नाहीत. तेही दारातच चुंबक लावतात. सप्टेंबर २०२१ पासून रशियन मालाच्या नव्या आयात परवान्यांवर अमेरिकेने निर्बंध घातल्यापासून ती स्वस्ताईही सरली. आता पितळी पुंगळीचा सर्बियन पीपीयू, बोस्नियाचा इग्मान किंवा चेक सेलिये अँड बेलो घ्यावा. जुना युगोस्लाव्ह लष्करी माल एखाद्या प्रदर्शनात स्वस्त मिळतो, पण त्याच्या प्रायमरमधून, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टिकलीतून, गंज आणणारं मीठ मागे उरतं. तो झाडलात तर त्याच संध्याकाळी नळी, दट्ट्या, गॅस ट्यूब पाण्याने धुवा, पुसा, मग तेल लावा. नुसत्या तेलाने मीठ जात नाही, हे खारे मासे साफ करणाऱ्या घरात सांगायला नको.

कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही. या नळ्यांचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो आणि छपराखाली तो अंगावर आदळतो. शक्य असेल तर पहिली फेरी उघड्या रेंजवर करा. उजवीकडच्या माणसाला आधी नमस्कार करा, कारण एके रिकाम्या पुंगळ्या चार-पाच मीटर भिरकावते. मी पहिल्यांदा बंदिस्त रेंजवर गेलो तेव्हा शेजारच्या लेनवरचे आजोबा तीन गोळ्यांनंतर शांतपणे सामान गोळा करून दोन लेन पलीकडे गेले. रागाने नव्हे. हे पिस्तूल चार भिंतींत काय करतं, याचं त्याहून नेमकं मोजमाप मला कुणी दिलेलं नाही.

एक वही ठेवा. किमान तीनशे गोळ्या, चार मॅगझिनं, दोन जातींची काडतुसं. मॅगझिनांवर रंगाने आकडे टाका. अडथळा आला की तीनच गोष्टी लिहा: कितवी गोळी, कुठलं मॅगझिन, काय झालं. सगळे अडथळे एकाच मॅगझिनचे निघाले तर ते मॅगझिन फेका. सगळ्या मॅगझिनांत पसरलेले असतील तर दोष बंदुकीत आहे. प्रायमरवर ठसा उमटला पण गोळी सुटली नाही, असं एकदा घडलं तर काडतुसाला दोष द्या, दुसऱ्यांदा घडलं तर घोड्याची स्प्रिंग बघायला द्या. गोळी सुटली नाही तर अर्धा मिनिट तोंड निशाणाकडेच ठेवून थांबा, मग बोल्ट ओढा. आवाज फुसका आला आणि धक्का हलका बसला, तर त्याच क्षणी थांबून नळी रिकामी आहे का हे पाहा. नळीत अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली तर नळी फुटते.

बाकावर टेकून बसणार असाल तर तीसऐवजी वीस गोळ्यांचं मॅगझिन घ्या, तीसचं खाली बाकाला टेकतं.

नेम लावणं

एकेची माशी चुकीच्या दिशेने पळते, असं ध्यानात ठेवा. गोळ्या वर लागत असतील तर माशी वर करायची, डावीकडे लागत असतील तर माशी डावीकडे सरकवायची. माशी सरकवायचं अवजार पंधरा-वीस डॉलरला मिळतं, पकडीने करू नका. आधी २५ यार्डांवर ढोबळ, मग ५० यार्डांवर पक्कं.

पाच गोळ्यांचा पुंजका एकदाच झाडून फुशारकी मारू नका. दहा गोळ्या, टेकून, सावकाश. ५० यार्डांवर त्या हाताच्या तळव्यात मावल्या तर बंदूक चांगली आहे. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर इतकं कमी आहे की माशी केसभर हलली तरी तिकडे बोटभर फरक पडतो. त्यामुळे पुंजका मोठा आला तर आधी स्वतःवर संशय घ्या, आणि ज्याचा हात स्थिर आहे अशा कुणाला दहा गोळ्या झाडायला द्या.

रेड-डॉट, म्हणजे नेमासाठी काचेत लाल ठिपका दाखवणारं उपकरण, लावणार असाल तर तो बसणार कशावर, हे घेण्याआधीच बघा. झाकणावर बसवला तर प्रत्येक सफाईनंतर नेम तपासावा लागतो. गॅस ट्यूबवर बसवला तर तापतो. डाव्या अंगाला रेल असेल तर उत्तम, पण या पिस्तुलांना ती असतेच असं नाही. आणखी एक: नळीपासून ठिपका दोन-अडीच इंच वर असतो. ५० यार्डांवर नेम लावलेलं हत्यार घरातल्या सात यार्डांवर जवळजवळ तेवढंच खाली मारतं. कागदावर झाडून हे स्वतः पाहा.

ब्रेस नसेल तर एका टोकाने अडकणारा पट्टा गळ्यात घालून बंदूक पुढे ताणून धरा. ताणामुळे ती स्थिर राहते. नुसत्या दोन हातांनी पिस्तुलासारखी धरून झाडणं फोटोपुरतं ठीक. तीन-चार मॅगझिनं भराभर संपवलीत की खालचं लाकूड तापून धूर काढू लागतं आणि हात आपोआप पुढे सरकतो, म्हणजे नेमका नळीच्या तोंडाकडे. हँड-स्टॉप त्यासाठी.

घरात ठेवण्याजोगं आहे का

मौजेसाठी मी या पिस्तुलाला पैकीच्या पैकी देतो. घराच्या रक्षणासाठी माझं मत ताठ आहे: पहिली निवड म्हणून नको.

अमेरिकन घराच्या भिंती म्हणजे लाकडी चौकट आणि दोन्ही अंगांनी जिप्समचा बोर्ड. साधी ७.६२ ची गोळी अशा भिंतींमागून भिंती भेदत मुलांच्या खोलीत आणि पुढे शेजाऱ्याकडे जाते. घरासाठी ठेवायचीच असेल तर आदळल्यावर पसरणारी गोळी घ्या, हॉर्नेडीची एसएसटी किंवा फेडरलची फ्यूजन. तीही भिंतीत थांबेल असं समजू नका. ती महाग आहे, पण त्याच जातीच्या निदान शंभर आपल्याच मॅगझिनांतून झाडल्याशिवाय तिच्यावर भरवसा नको. टोक मऊ असलेल्या गोळ्या काही एकेंमध्ये चेंबरच्या तोंडाशी अडकतात.

मग एका रात्री, हत्यार रिकामं करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, दिवे बंद करून घरात फिरून पाहा. दार उघडायला एक हात, टॉर्चला एक, तीन किलोंना एक. तिसरा हात कुठून आणायचा? उजव्या अंगाची सेफ्टीची पट्टी खाली करताना शांत घरात किती मोठा ‘टक्’ वाजतो तोही ऐका. हा प्रयोग केल्यावर मी पलंगाजवळच्या तिजोरीत साधं ९ मिमी पिस्तूल ठेवलं.

तरीही हे ठेवणार असाल तर चेंबर रिकामं ठेवा. बहुतेक एकेंची फायरिंग पिन मोकळी असते, आत स्प्रिंग नसते. बोल्ट आपटला की ती प्रायमरला हलकी टोचते. काढलेल्या काडतुसाच्या बुडावर बारीक खळगा दिसेल. म्हणूनच तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये भरू नये, आणि भरलेली एके हातातून पडू देऊ नये. मूल असलेल्या घरात तिजोरीला पर्याय नाही. कपाटावरची उंच फळी ही तिजोरी नव्हे. आपण सगळे लहानपणी त्याच फळीवरून लाडू काढलेले आहेत.

घरी परतल्यावर

शिशाची भुकटी हातांवर, कपड्यांवर असते. थंड पाण्याने हात धुवा, कपडे वेगळे धुवा, मग पोराला उचला. बंदुकीला फार लाड लागत नाहीत: नळी, दट्ट्या, बोल्टचं तोंड पुसायचं आणि घसरणाऱ्या कडांना थेंबभर तेल.

आणि रेंजची पिशवी. ती फक्त रेंजचीच ठेवा. ‘चांगली दणकट बॅग आहे’ म्हणून ती पुण्याच्या फेरीला नेऊ नका. शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या किंवा दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं, तर १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो. जाणूनबुजून आणलं नव्हतं हे पटवून पुढे कोर्टातून सुटणारे असतात, पण तोवर विमान गेलेलं असतं, पासपोर्ट अडकलेला असतो आणि लग्नघरी सगळे तुमची वाट बघत बसलेले असतात. माझी पिशवी भडक केशरी रंगाची आहे, गॅरेजच्या खुंटीवर टांगलेली असते, आणि बायको तिला घराचा उंबरठा ओलांडू देत नाही.